जळलेली मोटार पऱ्हाटीत भाजू नका, तशीच आणा

हरभऱ्याचं ओलीत सुरू झालं की रोज एकच प्रश्न येतो: "मागच्या साली रिवाइंडिंग केलं, बेअरिंग नवी टाकली, तरी मोटार तापते कशानं?" स्टेटर, म्हणजे मोटारीचा न फिरणारा भाग, उघडला की बहुतेक वेळा कारण समोर असतं. तांबं काढण्यासाठी जुनं वाइंडिंग (तारेची गुंडाळी) घरीच पऱ्हाटीच्या जाळात भाजलेलं असतं आणि उरलेलं छिन्नी-हातोड्यानं ठोकून काढलेलं असतं.

तांबं नवं मिळतं, कोर तोच राहतो. कोर म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या सिलिकॉन स्टीलच्या पत्र्यांची चवड. ५० हर्ट्झच्या लाइनवर त्यातलं चुंबकत्व सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतं. करंट शून्यावर आला तरी लोखंडातलं चुंबकत्व मागे रेंगाळतं, त्याला उलटं ओढावं लागतं. यालाच हिस्टेरेसिस म्हणतात; मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच मागे पडणं. दर फेऱ्याला थोडी वीज उष्णतेत जाते. हातोडा बसलेला पत्रा अडेल बैलासारखा वळायला जास्त जोर मागतो, म्हणजे जास्त तापतो.

जाळाचं नुकसान वेगळं आणि मोठं. पत्र्यापत्र्यांत इन्सुलेशनचा पातळ थर असतो. उघड्या जाळात तो जळतो, पत्रे एकमेकांना टेकतात आणि एडी करंट, म्हणजे लोखंडातच भोवऱ्यासारखा फिरणारा करंट, पत्र्यापत्र्यांतून आरपार फिरतो. स्लॉट (तार बसते त्या खाचा) कानशीनं घासले तरी तेच. मग नवं वाइंडिंग कितीही चांगलं भरा, ते कोरच्या उष्णतेनं शेकतं.

आम्ही कॉइलची एक बाजू कापतो, स्टेटर भट्टीत ३५० अंशांच्या आत ठेवतो आणि दुसऱ्या बाजूनं कॉइल ओढतो. नंतर कोर तपासायला रिकाम्या स्टेटरमधून जाड केबलचे वेढे घेऊन एसी करंट देतो. पंधरा-वीस मिनिटांत एखादी जागा बाकी कोरपेक्षा १० अंशांनी जास्त तापली, तर वाइंडिंगआधीच तुम्हाला कळवतो. एक दिवस जास्त लागतो तो यालाच. आत पाणी भरलेल्या सबमर्सिबलच्या तारेला प्लास्टिकचं आवरण असतं, तिथं तर जाळायचं कामच नाही.

तांब्याची काळजी नको. वजन तुमच्यासमोर होईल, तांबं तुमचंच.

आधीच भाजलेली असेल तर लपवू नका. आधी कोर तपासू; खराब निघाला तर रिवाइंडिंगचे पैसे घालू नका, असंच सांगू. नेमप्लेट काढू नका. काम झाल्यावर तिन्ही फेजचा नो-लोड करंट (मोटार रिकामी फिरताना घेते तो) बिलावर लिहून देतो. पुढच्या वेळी ते बिल सोबत आणा.