फेरीची वेळ चुकते तेव्हा

मोटार शर्यतींच्या सरावात प्रत्येक फेरीची वेळ मोजण्यासाठी अनेक संघ अवरक्त बीकन वापरतात. पिट वॉलवर, म्हणजे ट्रॅकलगत संघ उभे राहतात त्या भिंतीवर, ठेवलेला बीकन म्हणजेच ट्रान्समीटर ट्रॅकवर आडवा, डोळ्यांना न दिसणारा झोत सोडतो आणि गाडीच्या कडेला बसवलेला रिसीव्हर त्या झोतातून गेला की डेटा लॉगर, म्हणजे गाडीतले नोंदी ठेवणारे उपकरण, एक फेरी पूर्ण झाल्याची नोंद करतो. दहा अंशांत पसरणारा झोत पाच मीटरवर सुमारे 88 सेंटीमीटर रुंद होतो आणि ताशी 200 किलोमीटर वेगाची गाडी तो अवघ्या 16 मिलिसेकंदांत ओलांडते. उन्हातही अवरक्त किरण भरपूर असल्यामुळे बीकन वेगळा ओळखू यावा म्हणून त्याची एलईडी ठरावीक गतीने, बहुधा सेकंदाला 38 हजार वेळा, उघडझाप करते.

बिघाड शोधताना पाना हातात घेण्याआधी नोंदलेले आकडे नीट वाचावेत, असे माझे ठाम मत आहे. नेहमीची फेरी 72 सेकंदांची असताना मध्येच 144 ही नोंद आली, तर रिसीव्हरला एकदा बीकन दिसलाच नाही. 0.3 आणि लगेच 71.7 अशी जोडी आली, तर जवळच्या चकचकीत पत्र्यावरून परावर्तन झाल्याची शंका घ्यावी. प्रत्येक फेरी 4 आणि 68 अशी फुटत असेल, तर त्याच सरळ पट्ट्यावर दुसऱ्या संघाचाही बीकन उभा आहे. लॉगरला एका नोंदीनंतर काही सेकंद नवी नोंद न घेण्याची सूचना दिली की फेऱ्या फुटणे थांबते. मात्र लॉगरने पहिली नोंद शेजाऱ्याच्या बीकनची घेतली असेल, तर तो बीकन हलवताच वेळ पुन्हा बिघडते.

नोंद हुकत असेल, तर आधी बॅटरी तपासावी आणि मोबाइलचा पुढचा कॅमेरा एलईडीसमोर धरावा. बऱ्याच फोनांत ती फिकट जांभळी चमकताना दिसते. मग रिसीव्हरच्या काचेवरची धूळ, दोन्ही उपकरणांची उंची आणि सूर्याची दिशा पाहावी, कारण मावळतीचे ऊन थेट रिसीव्हरवर आले की सकाळभर चोख चाललेली यंत्रणा संध्याकाळी आंधळी होते. बीकन बंद असतानाही, उभ्या गाडीचे इंजिन चालू करताच नोंदी पडू लागल्या, तर दोष प्रकाशाचा नसून स्पार्क प्लगच्या तारेलगत नेलेल्या रिसीव्हरच्या वायरचा असण्याची शक्यता मोठी; ती वायर दूरून वळवून पुन्हा चाचणी घ्यावी.