जांभूळ, बारोलो आणि आवळलेलं तोंड

पहिला पाऊस पडला की इंदूरला राजवाड्याच्या आसपास जांभळांच्या हातगाड्या लागतात. गाडीवाला मूठभर जांभळं काळं मीठ घालून खेळवतो आणि द्रोणात देतो. पाच-सहा खाल्ली की जीभ जांभळी होते आणि गाल दातांना घासायला लागतात. ‘आता चहा घे म्हणजे तोंड सुटेल,’ ही आमच्या आत्याची ठरलेली सूचना.

तोंड आवळतं ते टॅनिनमुळे, म्हणजे फळांच्या सालीत, पानांत असणाऱ्या तुरट द्रव्यामुळे. लाळेत प्रोलीन हे अमिनो आम्ल भरपूर असलेली प्रथिनं असतात. त्यांच्यामुळे तोंड बुळबुळीत राहतं. टॅनिन त्यांना धरून त्यांचा साका करतं, वंगण जातं आणि जीभ टाळूला घासते. आयुर्वेदानं तुरट हा सहा रसांतला एक मानला आहे, पण मला तरी ती चवीपेक्षा स्पर्शाची गोष्ट वाटते.

ज्या रेड वाइनचं सारं नाव या तुरटपणावर उभं आहे, ती बारोलो. इटलीच्या वायव्येला, पिएमोंतेतल्या लांगे टेकड्यांवर, आल्बा शहराजवळ ती होते. द्राक्ष एकच, नेब्बिओलो. इटालियनमध्ये ‘नेब्बिया’ म्हणजे धुकं. काढणीच्या सुमाराला, ऑक्टोबरात, टेकड्यांवर धुकं उतरतं, त्यावरून हे नाव पडलं असं म्हणतात. जमीन जुन्या समुद्रतळाची, चुनखडीमिश्रित चिकणमातीची. आपली माळव्याची काळी माती ज्वालामुखीच्या खडकातून आलेली. पावसात चपलेला लोंबणाऱ्या त्या मातीत पाणी साचून राहतं, आणि द्राक्षवेलीच्या मुळांना साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही. लांगेत द्राक्षं उतारावर लावतात.

नेब्बिओलोची खोड अशी, की रंग फिका आणि टॅनिन जबरदस्त. सालीतली त्याची रंगद्रव्यं बहुतांशी लवकर विरणाऱ्या जातीची असतात. पेल्यात वाइन निरागस दिसते, घोट घेतला की हिरडा चावल्यासारखं होतं. म्हणून तिला थांबवावं लागतं. नियमानुसार किमान 38 महिने, त्यांतले 18 लाकडी पिंपात. बाटलीवर ‘रिझेर्वा’, म्हणजे जास्त मुरवलेली, असं लिहायचं तर 62. लाकडातून हवा थेंबाथेंबानं आत येते, टॅनिनचे रेणू एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जोडले जातात, काही तळाशी गाळ होऊन बसतात. रंग विटकरी होतो, तोंड आवळणं सौम्य होतं.

आत्याच्या चहाचं गणित त्याच जातीचं. चहातही टॅनिन असतंच, पण दुधातलं केसीन हे प्रथिन त्याला लाळेच्या आधीच गाठतं. तिकडे बारोलोबरोबर जुनं चीज खातात, तेही याच कामाला येतं. फरक एवढाच, की आत्या 38 महिने थांबत नाही. दूध उतू जायच्या आत गॅस बंद करते.