चोवीस तासांच्या मावशी आणि लसीची रांग

तेल-मालीश, आंघोळ झाली की बाळाला सांभाळायला घरीच मुक्कामी राहणाऱ्या मावशी त्याला छातीशी धरून थोपटतात. त्याचं तोंड त्यांच्या तोंडापासून जेमतेम वीतभर लांब. कोविडच्या काळात सहा फुटांचं अंतर राखायला सगळ्यांना बजावलं होतं. मावशींना ते कसं जमणार होतं?

16 जानेवारी 2021 ला आपल्याकडे कोविडचं लसीकरण सुरू झालं. आधी आरोग्य कर्मचारी, मग पोलीस आणि सफाई कामगार, 1 मार्चपासून साठीपुढचे आणि पंचेचाळिशीपुढचे सहव्याधी असलेले. तिशीतल्या मावशींची पाळी आली 1 मे ला, तीही कोविन या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी जमली तर. हाँगकाँगने मार्च 2021 मध्येच घरकामगारांना प्राधान्य गटात घेतलं होतं.

माझ्या मते, कोविडपुरतं बोलायचं तर घरातल्या आजी-आजोबांना मावशींच्या आधी लस मिळाली, हे बरोबरच झालं. या आजारात मृत्यूचा धोका वयाबरोबर झपाट्याने वाढतो आणि लहान मुलं सहसा त्यातून सुखरूप बाहेर पडतात. शिवाय मुक्कामी राहणारी बाई रोज लोकलने ये-जा करत नाही. विषाणू बरेचदा बाहेर जाणारी घरची माणसंच आणतात. पण तिच्याच वयाच्या, घरी बसून लॅपटॉपवर काम करणाऱ्यापेक्षा तिचा नंबर आधी लागायला हवा होता. ती बाळाच्याच खोलीत झोपते. बाळ तापलं तरी त्याला कडेवर तीच घेते. तिला वेगळं राहायला दुसरी खोली कुठे असते? बाळाचा विचार बाजूला ठेवला तरी, तिच्या स्वतःच्या जिवासाठी तो तिचा हक्क होता.

डांग्या खोकल्याचा हिशेब मात्र वेगळा आहे. इथे जीव जातो तो तान्ह्यांचा. डांग्या खोकल्यापासूनही वाचवणाऱ्या पेंटाव्हॅलंट लसीचा पहिला डोस मिळतो सहाव्या आठवड्यात, पुढचे दहाव्या आणि चौदाव्या. तोवर बाळ जवळपास उघडंच. कधीकधी त्याला खोकलाही येत नाही, श्वासच मध्ये थांबतो. मोठ्या माणसाला हाच आजार रेंगाळलेल्या खोकल्यासारखा वाटतो. आलं-मध घेऊन ते कामाला लागतात. आणि घरात एकाला झाला की प्रतिकारशक्ती नसलेल्या दहापैकी आठ-नऊ जणांपर्यंत तो पोचू शकतो. लहानपणी घेतलेल्या लसीचा जोर वयाबरोबर ओसरतो, म्हणून मोठ्यांसाठी टीडॅप ही वेगळी लस असते. आईने ती गरोदरपणात, 27 ते 36 आठवड्यांच्या दरम्यान घेतली तर प्रतिपिंडं नाळेतून बाळाला मिळतात. हा सर्वांत भक्कम उपाय. त्याच्या जोडीला बाळाला रोज हाताळणाऱ्यांनी लस घेऊन त्याच्याभोवती कोश विणायचा. त्या कोशात बाबा असतात, आजी असते, मावशी मात्र हमखास विसरल्या जातात.

या लसीसाठी रांग नाही, कोविनही नाही. मावशी कामावर रुजू होण्याच्या किमान दोन आठवडे आधी ती घेतलेली बरी, कारण प्रतिपिंडं तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. आधी त्यांना नीट समजावून सांगावं, त्यांची संमती घ्यावी आणि खर्च घरच्यांनी करावा. लस घेतल्यावर दंड एक-दोन दिवस ठणकतो. तेवढे दिवस बाळाला उचलायचं काम आई-बाबांकडे.