विष्ठासंकलक यंत्रमानव

विष्ठासंकलक यंत्रमानव : घराच्या आवारात किंवा हिरवळीवर पडलेली पाळीव प्राण्यांची, मुख्यतः कुत्र्यांची, विष्ठा शोधून ती उचलणारे व बंद पात्रात साठविणारे स्वयंचलित फिरते यंत्र. मांजरांसाठी घरात वापरली जाणारी, आपोआप साफ होणारी मलपेटी किंवा विष्ठा दिसताच तिला वळसा घालणारे झाडू-यंत्र यांचा या प्रकारात समावेश करणे योग्य नाही. हा भेद पाळला जात नसल्यामुळे या यंत्रांच्या उगमाविषयी परस्परविरोधी विधाने आढळतात.

उगम : हा प्रश्न व्याख्येवर अवलंबून आहे. आवारात माणसाच्या देखरेखीविना फिरणारे यंत्र एवढीच कसोटी लावल्यास ही परंपरा गवत कापणाऱ्या यंत्रमानवांपर्यंत मागे नेता येते. हुस्कवार्ना या स्वीडिश कंपनीने सौरऊर्जेवर चालणारे असे यंत्र 1995 मध्ये बाजारात आणले होते. मात्र त्याला विष्ठेची जाण नव्हती. उलट पाती असलेले यंत्र विष्ठेवरून गेल्यास ती हिरवळीवर पसरते व चाकांना चिकटून सर्वत्र जाते. त्यामुळे या यंत्रांना पूर्वज म्हणण्यापेक्षा, विष्ठा आधी उचलली जाण्याची गरज त्यांनीच वाढविली असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. दुसऱ्या मतानुसार खरा आरंभ वस्तू हाताळण्याच्या संशोधनात शोधावा लागतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ग्रास्प प्रयोगशाळेने 2011 मध्ये विलो गराज कंपनीच्या पीआर-2 या दोन हातांच्या यंत्रमानवाकडून विष्ठा उचलण्याचे नेहमीचे हत्यार धरवून हे काम करून दाखविले. ‘किळसवाण्या वस्तूंचे संवेदन आणि संवेदकांच्या आधारे त्यांची उचल’ अशा अर्थाचे लांबलचक नाव प्रकल्पाला देऊन त्याच्या आद्याक्षरांतून विष्ठा उचलण्याच्या फावड्याचे इंग्रजी नाव साधले होते. ही थट्टा बाजूला ठेवली, तरी शोधणे, जवळ जाणे, उचलणे व टाकणे हे चारही टप्पे तेथे एकत्र आले असल्याने हेच मत अधिक ग्राह्य वाटते. अर्थात सुमारे 4 लाख डॉलर किमतीचे ते संशोधन-यंत्र अंगणासाठी नव्हते.

यानंतरचे प्रयत्न बहुतांशी नमुन्यांच्या पातळीवरचे आहेत. नेदर्लंड्समध्ये 2017 च्या सुमारास एका जोडयंत्राची कल्पना मांडली गेली : उष्णतादर्शक कॅमेऱ्याचे ड्रोन वरून जागा हेरणार आणि जमिनीवरचे यंत्र तेथे जाऊन विष्ठा ओढून घेणार. अमेरिकेतील ‘बीटल’ या यंत्राची चर्चा साधारणतः 2019 पासून आढळते. त्यात कॅमेरे, खाली उघडमीट करणारा यांत्रिक पंजा आणि बंद पात्र अशी रचना होती. झाडू-यंत्रांचा प्रवाह याला समांतर राहिला. 2016 मध्ये अशा एका यंत्राने घरभर विष्ठा फासल्याचा किस्सा समाजमाध्यमांवर गाजला आणि 2021 मध्ये आयरोबॉट कंपनीने घन विष्ठा टाळण्याची हमी देणारे प्रारूप आणले. विष्ठा टाळणे आणि उचलणे यांत ओळखण्याची पायरी तेवढी समान आहे.

संवेदन : हिरव्या गवतावरचा तपकिरी गोळा ओळखणे वाटते तितके सोपे नसते, कारण वाळलेली पाने, सालीचे तुकडे, ढेकळे आणि शंकूफळे यांचा रंग व आकार त्याच्याशी मिळताजुळता असतो. दृश्य प्रकाशाला जवळच्या अवरक्त किरणांची जोड दिल्यास मदत होते. सजीव पान हे किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते, त्यामुळे गवत उजळ व विष्ठा काळसर दिसते. वाळलेल्या गवतावर हा फरक पुष्कळसा पुसला जातो. उष्णतादर्शक कॅमेरा ताजी विष्ठाच टिपतो, कारण ती लवकरच भोवतालच्या तापमानाला येते. अलीकडे प्रशिक्षित चेतापेशीय जाळ्यांवर, म्हणजे अनेक चित्रे दाखवून वस्तू ओळखायला शिकविलेल्या संगणक-प्रणालींवर (न्यूरल नेटवर्क), भर आहे. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्कॅटस्पॉटर’ या खुल्या चित्रसंचात एकाच जागेची विष्ठा उचलण्यापूर्वीची व नंतरची छायाचित्रे आणि जोडीला फसवे साम्य असलेल्या जवळच्या जागेचे छायाचित्र घेण्याची पद्धत अवलंबिली आहे. फसव्या वस्तू नाकारायला यंत्राला शिकविण्यासाठी ती विशेष उपयुक्त आहे. कुत्र्याची बसण्याची ढब स्थिर कॅमेऱ्याने ओळखून ती जागा यंत्राला कळविणे हा आणखी एक मार्ग आहे. सुधारित उपग्रह-स्थाननिश्चितीमुळे मोकळ्या आवारात काही सेंटीमीटरांपर्यंत अचूकता मिळते. झाडांखाली व भिंतींलगत ती घटते.

उचल : खरी अडचण येथे आहे. पशुवैद्यकात विष्ठेचा घट्टपणा 1 (कोरडी, कठीण) ते 7 (पाण्यासारखी) अशा श्रेणीत मोजण्याची पद्धत आहे. पंजा किंवा चिमटा घट्ट, आकार टिकविणारी विष्ठा उचलतो. श्रेणी वाढते तशी ती गवताच्या पात्यांमध्ये उतरते आणि पंजा मिटताना पाती मध्ये अडकून तो पुरता बंद होत नाही. शोषणनळीत ओला अंश आतून साचतो. जास्त खोल उचलावे तर गवत मुळासकट निघते, कमी उचलावे तर थर मागे राहतो. प्रत्येक उचलीनंतर पंजा स्वच्छ झाला नाही, तर यंत्रच दूषितीकरणाचे वाहक बनते.

आरोग्य : कुत्र्यांतील गोलकृमीची, टॉक्सोकारा कॅनिसची, अंडी विष्ठेतून बाहेर पडताच संसर्गक्षम नसतात, त्यासाठी त्यांना अनुकूल तापमानातही साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात, परंतु पुढे ती मातीत अनेक वर्षे टिकू शकतात. म्हणून या कृमीपुरते पाहिल्यास यंत्राने त्वरेने धावण्यापेक्षा नियमितपणे व काहीही मागे न ठेवता उचलणे महत्त्वाचे आहे. अंकुशकृमींच्या अळ्या मात्र उष्ण, दमट मातीत काही दिवसांतच त्वचेतून शिरण्याजोग्या होतात. संकलित विष्ठेची विल्हेवाट यंत्र लावत नाही. पात्र माणसालाच रिकामे करावे लागते आणि घरगुती कंपोस्टात पुरेसे तापमान सहसा येत नसल्याने ती त्यात टाकणे सुरक्षित मानले जात नाही.

मांजरांची विष्ठा बहुधा मातीत पुरलेली असल्याने पृष्ठभाग पाहणारी ही यंत्रे तिच्याबाबत निरुपयोगी ठरतात.