किडनी बंद, पण रक्ताचं खातं चालू

डायलिसिसवर असलेल्या बहुतेकांचं हिमोग्लोबिन कायम खालीच असतं, इपीओचं (तांबड्या पेशी वाढवायचा निरोप देणारं हार्मोन) इंजेक्शन आणि आयर्न चालूच, आणि त्यांच्यातच पॉलिसिस्टिक किडनीवाला (म्हणजे किडनीत पाण्याने भरलेल्या गाठी, सिस्ट, झालेला) एखादा निघतो ज्याला इंजेक्शन कमी लागतं, कधी लागतच नाही. हे नशीब वगैरे नाही.

१९०६ मध्ये पॅरिसला कार्नो आणि देफ्लांद्र यांनी रक्त काढलेल्या सशाचं सीरम दुसऱ्या सशाला टोचलं आणि त्याच्या तांबड्या पेशी वाढल्या असं सांगितलं, म्हणजे पेशी वाढवा असा निरोप रक्तातूनच जातो. बाकीच्यांना तो प्रयोग धड जमला नाही. निरोप किडनीतून निघतो हे कळायला १९५७ उजाडलं, शिकागोत जेकबसन, गोल्डवॉसर मंडळींनी उंदरांचे एकेक अवयव काढून बघितले तेव्हा. मग १९७७ ला त्याच गोल्डवॉसरच्या टीमने २,५५० लिटर लघवी गाळून शुद्ध इपीओ मिळवलं, तेही काही मिलिग्रॅमच! (चिकाटी बघा.)

इपीओचं इंजेक्शन येईपर्यंत डायलिसिसवाल्यांना मुख्य आधार रक्त चढवण्याचा. त्यात अंगात लोह साठायचं, हिपॅटायटिसची भीती, वर अँटिबॉडीज तयार होऊन ट्रान्सप्लांट अवघड. दोन्ही किडन्या काढल्या की हिमोग्लोबिन आणखी घसरायचं, म्हणजे लघवी बनत नसली तरी ती किडनी अगदीच निकामी नव्हती.

१९७७ मध्येच डनिल यांनी दाखवलं की मूळ आजार दुसराच असला तरी वर्षानुवर्षं डायलिसिस झालेल्या आकसलेल्या किडनीतही सिस्ट होतात, आणि अशा काहींचं हिमोग्लोबिन आपोआप वर येतं हेही पुढे दिसलं. कोडं बरंचसं सुटलं १९८९ ला. एकार्ट आणि सहकाऱ्यांनी पॉलिसिस्टिक किडनीच्या सिस्टमधलं पाणी तपासलं तर काहींमध्ये चक्क इपीओ, आणि ते बनवणाऱ्या पेशी सिस्टच्या भिंतीला लागूनच. सिस्ट फुगून आजूबाजूला दाब पडतो, ऑक्सिजन कमी पोचतो आणि म्हणून त्या पेशी जाग्या राहतात असा तर्क आहे, मला तो पटतो.

गंमत म्हणजे त्याच वर्षी अमेरिकेत इपीओच्या इंजेक्शनला मंजुरी मिळाली, मग काय, जितकं हिमोग्लोबिन जास्त तितकं चांगलं असं धोरण बोकाळलं, ते २००६ च्या ट्रायल्सनंतर आवरलं, कारण १३ च्या वर न्यायच्या नादात हार्टचा त्रास वाढलेला दिसला. आता इंजेक्शनवाल्यांना साधारण १० ते ११.५ वर ठेवतात.

आणि डायलिसिसमुळे झालेल्या सिस्टमध्ये कधीकधी कॅन्सर होतो, त्यामुळे हिमोग्लोबिन विनाकारण चढायला लागलं तर खूश होण्याआधी सोनोग्राफी करून घेतलेली बरी.