कूटलेखन व कूटभेदन, मराठी परंपरेतील

मजकुरातील अक्षरे ठरलेल्या नियमाने बदलून तो इतरांना अगम्य करणे म्हणजे कूटलेखन. नियम ठाऊक नसताना मूळ मजकूर शोधून काढणे म्हणजे कूटभेदन. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांमध्ये ‘म्लेच्छितविकल्प’ ही कला, म्हणजे सांकेतिक लेखन व भाषण, येते. कामसूत्राचा काळ सामान्यतः इ. स. तिसऱ्या शतकाच्या आसपास धरतात. तथापि कलेची प्रत्यक्ष रीत यशोधराच्या बहुधा तेराव्या शतकातील जयमंगला टीकेतच मिळते. तेथे ‘कौटिलीय’ आणि ‘मूलदेवीय’ अशा दोन पद्धती दिल्या आहेत.

या नावांवरून पद्धतींचे कर्तृत्व ठरवावे काय, याविषयी मतभेद आहेत. कौटिलीय अर्थशास्त्रात हेरांच्या संदर्भात संज्ञालिपी आणि गूढलेख्य यांचा उल्लेख आहे, एवढ्यावरून काही अभ्यासक पहिली पद्धती थेट कौटिल्यापर्यंत नेतात. परंतु अर्थशास्त्र अक्षरांच्या अदलाबदलीचा नियम सांगत नाही, आणि मूलदेव हा तर कथावाङ्मयातील धूर्तांचा नायक आहे. त्यामुळे ही नावे गौरवार्थ जोडली गेली असावीत, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

मूलदेवीय पद्धतीत, रूढ पाठानुसार, अ-क, ख-ग, घ-ङ, च-ट, ञ-ण, त-प, न-म, र-ष, ल-स आणि य-श या जोड्यांतील अक्षरे परस्परांच्या जागी येतात. बाकीची व्यंजने आणि स्वरचिन्हे तशीच राहतात. कोकण किनाऱ्यावरील बंदरांची नावे या रीतीने लिहिली, तर मालवणचे ‘नासवञ’ आणि गुहागरचे ‘खुहाखष’ होते. देवगड मात्र ‘देवखड’ एवढेच बदलते आणि रेवदंडा ‘षेवदंडा’. पद्धतीचे दुबळेपण येथेच दिसते. द, व, ड, ह ही अक्षरे उघडी राहतात, गुहागरमधला दोनदा आलेला ‘ग’ दोन्ही ठिकाणी ‘ख’च होतो, आणि मराठीतील प्रत्यय तर भेद करणाऱ्याच्या हाती किल्लीच देतात: ‘मालवणचा’, ‘मालवणला’ यांची ‘नासवञटा’, ‘नासवञसा’ अशी रूपे एकाच पत्रात वारंवार आली, की शेवटचा ‘टा’ म्हणजे ‘चा’ आणि ‘सा’ म्हणजे ‘ला’ हे चाणाक्ष वाचकाला फार वेळ न लागता कळते. अशा एक-दोन जोड्या सुटल्या, की उरलेल्या तर्काने जुळवता येतात.

अंकपल्लवीत अक्षरांऐवजी आकडे येतात. एका रीतीप्रमाणे पहिला आकडा वर्गाचा (स्वर 1, कवर्ग 2, याप्रमाणे), दुसरा वर्गातील स्थानाचा व तिसरा स्वराचा असतो. त्यानुसार मालवण म्हणजे 652 731 741 451. हाच वर्गविभाग बोटांच्या व हातांच्या खुणांनी दाखवला, म्हणजे करपल्लवी होते. गोंधळी आपल्या कार्यक्रमात ती आजही करून दाखवतात.

मराठीतील लिखित कूटांचे सर्वांत मोठे भांडार महानुभाव पंथाचे आहे. सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांपैकी सकळ लिपीचे कर्तृत्व सह्याद्रिवर्णनकर्ते रवळोव्यास यांच्याकडे, म्हणजे अंदाजे चौदाव्या शतकाकडे जाते. या लिप्यांचा हेतू ग्रंथ परकीयांपासून लपवणे हा होता की पाठाचे पावित्र्य जपणे हा, याबद्दल एकमत नाही. दोन्ही हेतू एकत्र असणे शक्य आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे, जे मूळचे रायगड जिल्ह्यातील वरसईचे, यांनी सकळ लिपीचा उलगडा केला आणि पंथाबाहेरच्या अभ्यासकांना हे वाङ्मय खुले झाले. मराठीतील कूटभेदनाचे इतके फलदायी दुसरे उदाहरण दाखवणे अवघड आहे.

कोकणातील घराघरांत सापडणारी मोडी कागदपत्रे पुष्कळदा गुप्त लेखन समजली जातात, ते बरोबर नाही. मोडी ही दैनंदिन व्यवहाराची जलद लिपी होती. बोलीतील कूटाचा नमुना म्हणजे शाळकरी मुलांची ‘च’ची भाषा. तीत पहिले अक्षर शेवटी जाते आणि त्याच्या जागी ‘च’ येतो: ‘काय’चे ‘चयका’, ‘मालवण’चे ‘चलवणमा’. नियम साधा असला, तरी बोलण्याचा वेग हेच तिचे संरक्षण असते.