जुना आयफोन मुद्दाम हळू करतात? अर्धंच खरं

‘नवा फोन खपावा म्हणून ॲपल जुने आयफोन हळू करते’ हे वाक्य कित्येक वर्षं फिरतंय. फोन हळू केले होते, हे खरंच. डिसेंबर २०१७मध्ये कंपनीने ते कबूलही केलं. पण कारण वेगळं होतं.

लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध, म्हणजे वीज वाहण्याला आतून होणारा अडथळा, वाढतो. कॅमेरा उघडला, प्रोसेसरने एकदम जास्त वीज मागितली, की व्होल्टेज धाडकन खाली येतं आणि ३० टक्के चार्ज दिसत असतानाच फोन बंद! आयफोन ६ आणि ६एस वापरलेल्यांना हे आठवत असेल. तोडगा म्हणून जानेवारी २०१७च्या आयओएस १०.२.१ या आयफोनच्या सॉफ्टवेअर अपडेटने गरज पडेल तिथे प्रोसेसरचा कमाल वेग आवरला. बॅटरी बदलली की वेग परत. नुसते फोनच खपवायचे असते, तर ही वाट कशाला उघडी ठेवली असती?

खोट होती ती लपवाछपवीत. साध्या बॅटरीने भागलं असतं तिथे काहींनी आख्खा फोन बदलला. फ्रान्सने २०२०मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला, तो ग्राहकांना अंधारात ठेवल्याबद्दल. बॅटरीची अवस्था दाखवणारं सेटिंग्जमधलं ‘बॅटरी हेल्थ’ या गदारोळानंतरच, आयओएस ११.३मध्ये आलं.